कॉर्न स्नेक जोडीसाठी तयार आहे, हे ओळखायचं कसं?

"मादी रात्रभर काचेवर चढतेय, पेटीत सारख्या येरझाऱ्या घालतेय. तिला नर हवाय का?" कॉर्न स्नेक पाळून वर्ष-दीड वर्ष झालं की हा प्रश्न हमखास पडतो. आजवर ज्यांनी ज्यांनी तो मला विचारला, त्यांतल्या बहुतेकांना मी "नाही" असंच उत्तर दिलंय. तिला भूक लागली असेल, पेटी जास्त तापली असेल, कात टाकून झाली असेल, किंवा नुसती संध्याकाळ झाली असेल. मादीची तयारी तिच्या फिरण्यावरून कळत नाही. ती कळते वजनकाट्यावर, पाठीवरून बोट फिरवल्यावर आणि मागच्या वर्षभराच्या नोंदींमधून. वागणं वाचता यायला हवंच, पण त्याचा खरा उपयोग असा, की जे जोडीचं लक्षण नाही त्याला आपण जोडीचं लक्षण समजत नाही.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. न्यू जर्सीपासून खाली फ्लॉरिडापर्यंत आणि पश्चिमेला लुईझियानापर्यंत तो आढळतो. बिनविषारी आहे, उंदीर-घुशींना विळखा घालून मारतो आणि झाडावर सहज चढतो. लिनियसने 1766 मध्ये त्याला 'गुट्टाटस' म्हणजे ठिपक्यांचा असं नाव दिलं, आणि आज शास्त्रात तो पँथेरोफिस गुट्टाटस म्हणून ओळखला जातो. त्याच्या नावात मका कुठून आला याबद्दल दोन गोष्टी सांगतात. पोटावरचे काळे-पांढरे चौकोन रंगीत मक्याच्या कणसासारखे दिसतात ही एक, आणि मक्याच्या कोठारांत तो उंदरांमागे यायचा ही दुसरी. पूर्ण वाढल्यावर साधारण 90 ते 150 सेंटिमीटर भरतो आणि नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं सोबत करतो.

या माहितीतली एक गोष्ट पुढे सगळीकडे कामाला येणार आहे. हा साप ज्या प्रदेशातला आहे तिथे हिवाळा असतो. थंडी आली की तो जमिनीखाली बिळात किंवा ओंडक्याखाली शिरतो, ऊब परतली की बाहेर येतो, आणि त्यानंतर काही आठवड्यांत जोड्या जमतात. पिढ्यान् पिढ्या पेटीत वाढलेल्या सापाच्या अंगातही हे वेळापत्रक तसंच राहिलेलं आहे.

रोजचं वागणं

पेटीतल्या सापाच्या बहुतेक हालचालींमागे तापमान असतं. सापाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही, म्हणून तो जागा बदलून ती मिळवतो. पेटीची एक बाजू 28 ते 31 अंश सेल्सिअस आणि दुसरी 22 ते 24 अंश असली, दोन्हीकडे लपायला जागा असली, की तो दिवसभर इकडून तिकडे सरकत स्वतःचं बघून घेतो. तो सतत थंड कोपऱ्यातच बसत असेल, पाण्याच्या भांड्यात तासन् तास पडून राहत असेल, तर आधी थर्मोस्टॅट तपासा. पाण्यात बसण्याचं आणखी एक कारण माइट्स, म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक रक्तपिपासू किडे, हे असतं. पाण्यात मिरपुडीसारखे काळे ठिपके तरंगताना दिसले तर ते तेच.

दिवसभर दिसत नाही म्हणून साप आजारी आहे असं नसतं. कॉर्न स्नेक उजेड-अंधाराच्या सीमेवर जागा होतो. संध्याकाळी तो लपणीतून डोकं बाहेर काढतो, जीभ हळूहळू आत-बाहेर करतो, अंगाचा पुढचा भाग उचलून आजूबाजूला बघतो. जिभेची दोन टोकं हवेतले गंधकण गोळा करून टाळूतल्या जेकबसन इंद्रियापाशी नेतात. त्यामुळे जीभ संथपणे फिरतेय याचा अर्थ साप माहिती घेतोय. जीभ थांबली, मान इंग्रजी एसच्या आकारात मागे ओढली गेली आणि शेपटी थरथरू लागली, तर तो घाबरलाय. वाळक्या पाल्यात ही थरथर खुळखुळ्यासारखी वाजते. पिल्लांत हे फार दिसतं, कारण एवढ्याशा जिवाला सगळं जग आपल्याला खायला टपलेलं वाटतं. पकडल्यावर घाणेरड्या वासाचा स्राव सोडणं हाही त्या भीतीचाच भाग. साप डूख धरतो असं आपण सहज बोलून जातो, पण चावलेला कॉर्न स्नेक दुसऱ्या दिवशी हातावर निवांत फिरतो. त्याने राग धरलेला नसतो. काल त्या हाताला उंदराचा वास होता, आज नाही, एवढाच फरक.

काचेच्या कडेला नाक घासत राहणं मात्र वेगळं. रोज तासन् तास हे चालू असेल, नाकाचे खवले झिजायला लागले असतील, तर पेटी लहान पडतेय, लपायला पुरेशी जागा नाही, किंवा शेजारच्या पेटीतल्या सापाचा वास येतोय. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकपुडीवर बुडबुडे, श्वास घेताना चिरचिर आवाज, खाल्लेलं वारंवार बाहेर काढणं ही आजाराची लक्षणं आहेत, आणि त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य लागतो. शरीराच्या मधोमध गाठीसारखी सूज आणि वारंवार उलटी असं दोन्ही दिसलं, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची तपासणी करूनच घ्या. हा परजीवी पेट्यांतून पेट्यांत पसरतो. बाहेरून आणलेला नर लगेच मादीजवळ का नेऊ नये, याचं सगळ्यात मोठं कारण हेच. निदान दोन ते तीन महिने नवा साप वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या भांड्याने सांभाळायचा.

कात

कात टाकण्याचे दिवस समजले तर निम्मी काळजी मिटते. आधी पोटाकडचा भाग गुलाबीसर दिसू लागतो, रंग मळकट होतात. मग डोळ्यांवर दुधाळ निळसर झाक येते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि जुन्या व नव्या खवल्यामध्ये द्रव साठल्यामुळे ही झाक दिसते. या काळात त्याला धड दिसत नाही. तो लपून बसतो, अन्न नाकारतो, हात लावला तर दचकतो. तीन-चार दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि नवख्या माणसाला वाटतं, झालं, बरा झाला. खरी कात त्यानंतर काही दिवसांनी पडते. साप ओठाची कड दगडाला किंवा लाकडाला घासून सुटी करतो आणि पायमोजा उलटा काढावा तसा स्वतःमधून बाहेर पडतो. कात हातात घेऊन डोक्याकडचा भाग उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन लहान गोल चकत्या दिसल्या पाहिजेत. एखादी नसेल तर ती डोळ्यावरच राहिली आहे. नखाने ओढायची नाही. पेटीतला ओलावा वाढवायचा आणि पुढच्या कातीला पुन्हा बघायचं. तेव्हाही निघाली नाही तर डॉक्टर.

कात टाकल्या टाकल्या साप भुकेला असतो आणि भरपूर फिरतो. सुरुवातीला सांगितलेल्या "रात्रभर येरझाऱ्या" बऱ्याचदा याच दिवसातल्या असतात.

नर खाणं सोडतो तेव्हा

वागण्यावरून ऋतू ओळखता येतो तो खरं तर नराचा. वसंत सुरू झाला, दिवस मोठे होऊ लागले, की चांगला खाणारा, वर्षभर एकही जेवण न चुकवलेला नर अचानक उंदराकडे पाठ फिरवतो. माझ्याकडचा मोठा नर पहिल्यांदा असं वागला तेव्हा मी दोन आठवडे अस्वस्थ होते. उंदीर गरम करून बघितला, लहान दिला, मोठा दिला, रात्री पेटीत ठेवून बघितला. सकाळी तो तसाच पडलेला. साप मात्र कुठे सुस्त नव्हता. तो पेटीची प्रत्येक कड नाकाने तपासत होता, झाकणाच्या फटीशी थांबून जीभ भराभर फिरवत होता आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरू करत होता. खोलीत तीन हातांवर मादीची पेटी होती आणि तिने आदल्याच दिवशी कात टाकली होती. मादीच्या कातडीवरची गंधद्रव्यं त्या सुमारास सगळ्यात तीव्र असतात.

असा नर काही आठवडे, कधी दोन महिनेही नीट खात नाही. तो मुळात धष्टपुष्ट असेल, पाणी पीत असेल, वजनात मोठी घट नसेल, तर घाबरायचं कारण नाही. आठवड्याला वजन करा. दहाव्या हिश्श्याहून जास्त घट झाली किंवा तो मलूल पडला, तर मात्र ऋतूचं कारण पुरेसं समजू नका.

हे असं वागणं म्हणजे नराची हौस पुरवायलाच हवी, असा अर्थ नाही. कॉर्न स्नेक एकटा राहणारा प्राणी आहे. आयुष्यभर जोडी न लावलेल्या सापाचं काही बिघडत नाही, त्याला एकटेपणा वाटत नाही. ऋतू सरला की तोच नर दुसऱ्या दिवशी उंदीर हिसकावून घेतो.

मादीची तयारी

आधी ती मादीच आहे याची खात्री करा, कारण विकताना सांगितलेलं लिंग चुकीचं निघणं फार नेहमीचं आहे. नराची शेपटी लांब असते आणि बुडाशी जाडसर राहून हळूहळू निमुळती होते, कारण तिच्या आत त्याची दोन लिंगं मुडपून ठेवलेली असतात. मादीची शेपटी आखूड, आणि अवस्करानंतर, म्हणजे मलमूत्राच्या फटीनंतर, लगेच बारीक होते. नुसत्या डोळ्यांनी पक्कं सांगता येत नाही. सळई घालून तपासणं हे सराव असलेल्या माणसाचं काम आहे, घरी करून बघायचं नाही. जोराने घातलेल्या सळईने आत इजा होते आणि ती बाहेरून दिसत नाही.

पाळणाऱ्यांमध्ये तीनचा एक जुना ठोकताळा आहे: मादी तीन वर्षांची, तीन फुटांची आणि 300 ग्रॅमची असावी. तीनही अटी एकदम. मला तो ठोकताळा किमान मर्यादा म्हणून पटतो, परवाना म्हणून नाही. भराभर खाऊ घालून दीड वर्षात 300 ग्रॅमवर नेलेली मादी तयार नसते. तिचं वजन चरबीचं असतं. अंडी घालायला लागतं ते स्नायूंचं बळ, आणि ते फक्त वयाने आणि हालचालीने येतं. नराला एवढं सोसावं लागत नाही, तो दोन वर्षांचा आणि निरोगी असला की पुरे.

अंगकाठी अशी बघा. सापाला हातावर घ्या आणि पाठीच्या मधोमध बोट फिरवा. कणा धारेसारखा वर आलेला जाणवत असेल आणि दोन्ही बाजूंनी अंग उतरतं असेल, तर ती बारीक आहे. बोटाला कणा लागतच नसेल, अंग नळीसारखं गोल झालं असेल, ती सरळ असतानाही खवल्यांच्या मधली कातडी दिसत असेल आणि शेपटीआधी चरबीचे उंचवटे असतील, तर ती जाड आहे. चांगल्या मादीची पाठ वरून गोलसर आणि पोट सपाट असतं. कणा शोधला की सापडतो, टोचत नाही. आणि ती हाताला विळखा घालते तेव्हा स्नायू आवळल्याचं आपल्याला स्पष्ट कळतं. बारीक आणि जाड, दोन्ही माद्यांना एकच मोठा धोका असतो. अंडं आत अडकतं. अडकलेलं अंडं वेळीच काढलं नाही तर मादी मरते. या एका गोष्टीमुळे मी म्हणते की शंका असेल तर हे वर्ष सोडा. मादीपुढे अजून बरीच वर्षं आहेत.

आणखी एक गोष्ट नव्या पाळणाऱ्याला चकित करते. नर जवळपासही नसताना प्रौढ मादी अंडी घालू शकते. कोंबडी घालते तशीच ती फलित न झालेली असतात: पिवळसर, लहान, मऊ. शिवाय मादी वीर्य शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे नर वेगळा केल्यावर बऱ्याच दिवसांनी फलित अंडी येणंही शक्य असतं. म्हणून एकटी मादी अचानक जाड दिसू लागली, खाईनाशी झाली, तर अंड्यांची शक्यता मनात ठेवा.

जोडीआधी दोघांचं रंगकुळही माहीत असायला हवं. लाल-केशरी, काळ्या रंगाचा मागमूस नसलेला कॉर्न स्नेक आपण बघतो, त्याला अमेलॅनिस्टिक म्हणतात. हा गुण अप्रभावी जनुकातून येतो, हे बर्नार्ड आणि एलिझाबेथ बेक्टेल यांनी जोड्या लावून दाखवलं आणि 1962 मध्ये प्रसिद्ध केलं. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये त्यामागचा बदल ओसीए2 या जनुकात असल्याचं शोधून काढलं. अप्रभावी म्हणजे आई आणि बाप दोघांकडून ते जनुक आलं तरच गुण दिसतो. दोघंही दिसायला साधे पण आत ते जनुक वागवणारे असतील, तर प्रत्येक अंड्यात तो गुण दिसायची शक्यता चारात एक असते. सोळा अंड्यांत बरोबर चार असा याचा अर्थ होत नाही, दर अंड्याला नाणं नव्याने उडतं. रंगापुरतं हे सगळं मजेचं आहे. पण याच वाटेने 'स्टारगेझर' नावाचा मज्जासंस्थेचा दोषही येतो. त्या पिल्लाला तोल सावरत नाही, ते डोकं मागे टाकतं, आभाळाकडे बघत राहतं, उताणं पडतं. त्याची जनुकीय चाचणी होते. जोडी लावण्याआधी दोघांची चाचणी करून घेणं मला बंधनकारक वाटतं, कारण हा दोष निर्माण करणारे आपण असतो, साप नव्हे.

थंडीची विश्रांती

कॉर्न स्नेक थंडीशिवायही जोडी जमवू शकतात. तरी दोघांचं वेळापत्रक एकत्र यावं म्हणून पुष्कळ जण त्यांना दोन ते तीन महिने थंडीत ठेवतात. याला ब्रुमेशन म्हणतात. आपण शीतनिद्रा म्हणतो, पण साप गाढ झोपत नाही, मधूनमधून जागा होतो, पाणी पितो.

यात एक चूक जिवावर बेतते, ती म्हणजे पोटात अन्न असताना थंडी देणं. थंड शरीरात पचन थांबतं आणि पोटातला उंदीर आतच सडतो. म्हणून शेवटच्या जेवणानंतर दोन-तीन आठवडे पेटी नेहमीसारखी गरमच ठेवायची, शेवटची विष्ठा पडलेली बघायची, आणि मगच तापमान रोज थोडं थोडं करत 10 ते 15 अंशांवर आणायचं. अंधार, शांतता, ताजं पाणी. आठवड्यातून एकदा बघायचं, दर दोन आठवड्यांनी वजन. श्वासाचा आवाज आला किंवा वजन घसरू लागलं, तर त्याच दिवशी हळूहळू ऊब सुरू करायची. वर्षाच्या आतली पिल्लं, नुकतीच आजारातून उठलेले आणि बारीक साप यांना थंडीत ठेवायचंच नाही.

बाहेर काढतानाही घाई नको. ऊब आठवडाभरात चढवत न्यायची, पहिलं जेवण लहान. त्यानंतर महिनाभर मादीला भरपेट खायला मिळालं पाहिजे, कारण या काळात तिच्या शरीरात बलक साठायला लागतो. साधारण या महिन्याच्या शेवटी ती कात टाकते. वाट बघायची ती या कातीची.

पाच मिनिटांत काय दिसतं

मादीला नराच्या पेटीत न्या, दोघांनाही आदल्या दोन दिवसांत खाऊ घातलेलं नसावं. तयार नर आधी गोठल्यासारखा थांबतो, मग तिच्या शेपटीपासून जीभ फिरवत वर येतो. त्याचं अंग तुटक तुटक झटके देऊ लागतं, जणू कुणी आतून दोरा ओढतंय. हनुवटी तिच्या पाठीवर टेकवून तो तिच्या वळणांवरून सरकतो. मादी तयार असेल तर ती हळूहळू पुढे चालत राहते, थांबते आणि शेपटी किंचित उचलते. नर शेपटी तिच्या शेपटीखाली गुंडाळतो, आणि मग बहुधा पाव ते अर्धा तास दोघं जवळपास निश्चल असतात. या वेळी त्यांना ओढून वेगळं करायचं नाही.

तयार नसलेली मादी पळते. शेपटी जोरजोरात हलवते, अवस्कर घट्ट मिटून ठेवते, पेटीच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसते. पाच-दहा मिनिटांत हे स्पष्ट होतं. तिला काढून घ्या, चार दिवसांनी पुन्हा बघा. "एकत्र ठेवू, जमेल आपोआप" म्हणून दोघांना आठवडाभर एका पेटीत सोडणं मला मान्य नाही. मादीवर ताण येतो, ती खात नाही, आणि कोण आजारी आहे तेही कळत नाही.

अंडी

जोडी लागल्यावर साधारण 30 ते 45 दिवसांत अंडी येतात. मध्ये कधीतरी मादीच्या मधल्या भागात एकदम फुगवटा येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. तो बीजं सुटल्याचा. नंतर मागचा अर्धा भाग जडावतो, ती गरम बाजूला जास्त बसते, खाणं कमी करते किंवा सोडते. लहान उंदीर द्या, हाताळणी बंद करा. मग ती आणखी एकदा कात टाकते, आणि ही तारीख वहीत ठळक लिहून ठेवा. अंडी सहसा त्यानंतर आठवड्याभरात ते दोन आठवड्यांत येतात.

आता तिची अस्वस्थता खरोखर काहीतरी सांगत असते. ती बेडिंग, म्हणजे पेटीच्या तळाशी पसरलेला थर, नाकाने उकरते, भांड्याखाली शिरते, प्रत्येक कोपरा तपासते. तिला ओलसर, अंधारी जागा हवी असते. झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलं, पिळून काढलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भरून ठेवा. तो नसेल तर ती पाण्याच्या भांड्यात अंडी घालते आणि ती बुडून वाया जातात. अंडी साधारण 10 ते 30, पांढरी, चामड्यासारख्या कवचाची, एकमेकांना चिकटलेली. काही अंडी घालून ती थांबली, अंगात अजून फुगवटे दिसताहेत आणि एक-दोन दिवस काहीच पुढे सरकत नाही, तर पोट दाबून बघू नका, पशुवैद्याकडे न्या.

कॉर्न स्नेकची मादी अजगरासारखी अंड्यांवर बसत नाही. काम झालं की निघून जाते. अंडी उचलताना वरची बाजू पेन्सिलीने खूण करून तीच वर ठेवा. पहिल्या दिवसांनंतर भ्रूण कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं फिरलं तर तो दगावू शकतो. 26 ते 29 अंश तापमान आणि भरपूर दमटपणा असला, की साधारण दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. कासवांच्या किंवा मगरींच्या अंड्यांसारखं इथे तापमानावरून नर-मादी ठरत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. आठवड्याभराने अंधारात अंड्यामागे छोटी टॉर्च धरली तर आत गुलाबी पार्श्वभूमीवर लाल नसांचं जाळं दिसतं. फलित न झालेलं अंडं नुसतं पिवळं चमकतं.

शेवटी पिल्लू तोंडावरच्या अंडदाताने कवचाला चीर पाडतं, नाक बाहेर काढतं आणि तसंच थांबतं. कधी तास, कधी पूर्ण दिवस. आतला उरलेला बलक ते या काळात शोषून घेत असतं. इथे हात लावायचा मोह आवरलाच पाहिजे. बाहेर आल्यावर एकेकाला वेगळ्या डब्यात ठेवा, कारण पिल्लं क्वचित एकमेकांना गिळतात. आठवड्या-दीड आठवड्यात पहिली कात पडते आणि त्यानंतरच पहिलं जेवण, नवजात उंदराचं पिल्लू. काही पिल्लं ते ओळखतच नाहीत, कारण रानात त्यांचं पहिलं खाणं बहुधा लहान सरडा किंवा बेडूक असतं. अशा एकेका हट्टी पिल्लासाठी महिनाभर धीर धरावा लागतो.

ती पंधरा-वीस पिल्लं जाणार कुणाकडे, हे मी जोडी लावण्याआधी नावानिशी ठरवते. कायदाही आधीच बघायचा. न्यूझीलंडमध्ये साप पाळताच येत नाही, ऑस्ट्रेलियात कॉर्न स्नेकला मनाई आहे, आणि जॉर्जिया या अमेरिकी राज्यात, हा साप तिथलाच असूनही, देशी बिनविषारी साप घरी ठेवणं बेकायदा आहे. जास्तीची पिल्लं बाहेर सोडणं तर कुठेच चालत नाही. बहामा आणि केमन बेटांवर माणसाबरोबर पोचलेले कॉर्न स्नेक रानात पसरलेले आहेत.

आणि ज्या मादीपासून हे सगळं सुरू झालं, तिच्याकडे परत या. अंडी घातल्यावर ती पोकळ झालेली दिसते, कातडीच्या घड्या लोंबतात, कणा बोटाला टोचतो. तिला स्वच्छ पाण्याने हळूच पुसा म्हणजे अंड्यांचा वास जाईल आणि ती खायला लागेल. लहान लहान उंदीर, चार-पाच दिवसांच्या अंतराने, मग हळूहळू मोठे. त्याच उन्हाळ्यात ती पुन्हा अंडी घालू शकते, पण नर दाखवू नका. पुढची थंडी येईपर्यंत तिचं वजन जोडीआधीच्या आकड्यावर आलं नसेल, तर त्या वर्षी तिची पेटी गरमच ठेवा.